दक्षिण आशिया अभ्यासाचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट : अमेरिकेत मुख्य पदवीसोबत ते कसं पूर्ण करायचं

पहिल्या सत्राच्या शेवटी मी प्रोफेसरांना माझं मॉडेल दाखवत होते. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरचा एक जुना बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाला फुटणाऱ्या चाऱ्या. उतार, छेद, खडबडीतपणाचा गुणांक, विसर्ग, सगळे आकडे बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "दोन शेतांना एकाच दिवशी पाणी हवं असलं, तर आधी कुणाला?" उत्तर मला शाळेत असल्यापासून माहीत होतं : पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, सांगेल त्याला. पण पाटकऱ्याला तो अधिकार येतो कुठून, आणि तो चुकला तर त्याला जाब कोण विचारतं, हे माझ्या एक्सेलच्या एकाही रकान्यात मावत नव्हतं. ते म्हणाले, "याचं उत्तर आपल्या इमारतीत मिळायचं नाही." इतिहास आणि मानववंशशास्त्र ज्या इमारतीत शिकवतात, ती चालत वीस मिनिटांवर होती. तिथे गेले आणि जलसंसाधन अभियांत्रिकीच्या एम.एस.सोबत दक्षिण आशिया अभ्यासाचं सर्टिफिकेट घेऊनच बाहेर पडले.

त्या दोन वर्षांत काय करावं लागतं, कुठे अडतं आणि काय आधी विचारायला हवं होतं, ते इथे सांगते. प्रदेश दक्षिण आशिया असला, तरी आफ्रिका, लॅटिन अमेरिका किंवा मध्य आशियावरच्या अशा सर्टिफिकेटांचा सांगाडा बराचसा असाच असतो.

हे आहे तरी काय

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे बी.ए., बी.ई. झालेला माणूस. अमेरिकेत अभ्यासक्रमाच्या मागे 'ग्रॅज्युएट' लागलं, की तो पदवीनंतरचा. त्यामुळे घरी फोनवर "ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करतेय" म्हणालात, तर "म्हणजे परत बी.ई.?" असा प्रश्न येणार. मला आला.

ही पदवी नव्हे. साधारण १२ ते १५ क्रेडिटं, म्हणजे तीन-तीन क्रेडिटांचे चार-पाच विषय, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी एक मोठा निबंध. ते दोन तऱ्हांनी होतं : एम.एस., एम.ए. किंवा पीएच.डी. चालू असताना जोडीला, नाहीतर नुसतं सर्टिफिकेट म्हणून स्वतंत्रपणे. पूर्ण झालं की ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर, त्याची वेगळी ओळ येते. 'आंतरविद्याशाखीय' या जडजंबाल शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की सगळे विषय एकाच विभागातून घेता येत नाहीत. किमान दोन आणि काही ठिकाणी तीन विभाग लागतात, त्यातही एक मानव्यविद्यांकडचा आणि एक सामाजिक शास्त्रांकडचा.

ही व्यवस्था आली कुठून हे थोडं ठाऊक असलं, की पुढच्या अटी चमत्कारिक वाटत नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संस्कृतचे पंडित डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ मध्ये दक्षिण आशियाचा प्रादेशिक अभ्यास एक विभाग म्हणून उभा केला. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेला एकाएकी जाणवलं, की जगाच्या भाषा आपल्याला येत नाहीत. पुढच्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याच्या सहाव्या प्रकरणातून भाषा आणि प्रदेश शिकवणाऱ्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. बहुतेक सर्टिफिकेटांत भाषेची अट ठाण मांडून बसलेली असते ती या इतिहासामुळे. दुसरी गंमत ग्रंथालयाची. भारताला पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली दिलेल्या धान्याचे पैसे रुपयांत साठले होते. त्यातल्या काही पैशांतून १९६०च्या दशकापासून भारतीय पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवली गेली. मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीच्या आठवणी आपल्या आजी-आजोबांकडे असतात, आणि त्याच व्यवहाराचं दुसरं टोक म्हणजे अमेरिकेच्या मधल्या राज्यांतल्या एखाद्या तळघरात रांगेनं लावलेली मराठी पुस्तकं.

उपयोग किती, तेही आधीच सांगून टाकते. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला जाणार असाल, तर ती ओळ कुणी वाचणारसुद्धा नाही. पीएच.डी.चा अर्ज, विकासक्षेत्रातलं काम, सार्वजनिक आरोग्य, नगररचना, ग्रंथालयं आणि दफ्तरखान्यांतली कामं, किंवा भारतात जाऊन करायचं क्षेत्रकार्य यांपैकी काही डोक्यात असेल, तरच चार विषयांचा खटाटोप करा.

पायरी पहिली : प्रश्न हातात घेऊन जा

सर्टिफिकेटच्या पानावर विषयांची लांबलचक यादी असते. ती वाचायला घेतली, की लग्नाच्या बुफेसारखं होतं, थोडं सगळंच ताटात. माझ्या बरोबरीच्या एकानं मुघल चित्रकला, श्रीलंकेचं राजकारण, हिंदी सिनेमा आणि बौद्ध तत्त्वज्ञान असे चार विषय घेतले. चारही आवडले, पण शेवटचा निबंध कशावर लिहायचा हे त्याला अखेरपर्यंत सुचेना.

म्हणून यादी उघडण्याआधी एक प्रश्न लिहून काढा, एका विभागाला न पुरणारा. माझा असा होता : खानदेशातल्या फड पद्धतीत पाण्याची पाळी ठरवण्याचा अधिकार कशावर टिकला होता? फड म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. नदीवर बंधारा बांधायचा, पाटानं पाणी आणायचं, लाभातली जमीन काही फडांत वाटायची आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. वर्षागणिक पीक फिरतं, पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो आणि दुरुस्तीला सगळे येतात. यात गणित आहे, कायदा आहे, गावातली उतरंड आहे आणि भाषाही आहे. चार विभागांकडे जाण्याचं कारण प्रश्नातच होतं.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी आशा कार्यकर्त्यांवर काम करू शकते, नगररचनेचा विद्यार्थी मुंबईच्या गिरणगावावर. प्रश्न पुढे बदलला तरी बिघडत नाही. माझाही बदलला.

पायरी दुसरी : नियमांचं पान पेन घेऊन वाचा

चार गोष्टी शोधा आणि वहीत उतरवा. एकूण क्रेडिटं किती. त्यांतली किती मुख्य पदवीतही मोजता येतात. भाषेची अट आहे का, आणि कितपत. अर्ज कधीपर्यंत करायचा. शेवटच्या सत्रात अर्ज घेतच नाहीत अशी बरीच ठिकाणं आहेत. आधी सगळे विषय घेऊन टाकायचे आणि मग सर्टिफिकेट मागायचं, हा आपला 'फॉर्म नंतर भरू' बाणा तिथे चालत नाही.

यांतली दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून हिशोब करून दाखवते. समजा, एम.एस. ३० क्रेडिटांचं आहे आणि सर्टिफिकेट १२ चं. विद्यापीठानं सहा क्रेडिटं दोन्हीकडे धरू दिली, तर एकूण लागतात ३६. सत्राला नऊ धरली, तर चार सत्रांत बरोबर बसतात, एक दिवस जादा लागत नाही. एकही क्रेडिट दोन्हीकडे धरू दिलं नाही, तर ४२ होतात आणि पाचवं सत्र तरी येतं, नाहीतर दोन सत्रांत चार-चार विषय. एकाच विद्यापीठातल्या दोन सर्टिफिकेटांचे नियमही याबाबतीत वेगळे असू शकतात. सीनियर काय सांगतो यावर जाऊ नका, लेखी नियम बघा.

गुणांची अट सहसा सरासरी बी, म्हणजे ३.०, आणि विषय श्रेणीसह घ्यावे लागतात. नुसतं पास-नापास चालत नाही.

पायरी तिसरी : दोन दारं ठोठवा

पहिलं दार तुमच्या अॅडव्हायजरचं. इथे आपली मुलं बिचकतात : "सर म्हणतील, रिसर्च सोडून हे काय?" काही म्हणतातही. म्हणून "मला आवड आहे" एवढ्यावर जाऊ नका. हिशोबाचा तो कागद घेऊन जा. कुठल्या सत्रात कुठला विषय, प्रयोगशाळेच्या कामाला हात लागत नाही तो कसा आणि थेसिसच्या कुठल्या प्रकरणाला याचा फायदा होईल, हे एका पानात दाखवा. माझ्या प्रोफेसरांनीच मला तिकडे पाठवलं होतं, तरी त्यांनी हा कागद मागितलाच.

दुसरं दार सर्टिफिकेटच्या समन्वयकाचं. ईमेल पाच-सहा ओळींचा पुरे : मी कोण, कुठल्या विभागात कितव्या सत्रात, माझा प्रश्न काय, घ्यायचं ठरवलेले दोन विषय, आणि भेटायला वीस मिनिटं मिळतील का. "तुमच्या प्रतिष्ठित केंद्रात प्रवेश मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन" हे वाक्य खोडून टाका. भेटीत नियमांपेक्षा एक गोष्ट विचारा : पुढच्या दोन वर्षांत कोणते शिकवणारे रजेवर आहेत? वेबसाइटवर विषय दिसत असतो आणि तो शिकवणाऱ्या बाई वर्षभर भारतात क्षेत्रकार्यावर असतात. हे वेबसाइट कधीच सांगत नाही.

पायरी चौथी : व्हिसा आणि पैसा

एफ-१, म्हणजे विद्यार्थी-व्हिसावर असाल तर इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन तीन गोष्टी स्वतःच्या कानांनी ऐका. एक : सर्टिफिकेटपायी पदवी लांबली, तर आय-२०, म्हणजे शिक्षणाची मुदत लिहिलेला व्हिसासाठीचा कागद, वाढवून मिळेल का? ऐच्छिक सर्टिफिकेट हे मुदतवाढीचं कारण म्हणून बरीच विद्यापीठं मान्य करत नाहीत. तेव्हा सगळं मूळ मुदतीत बसवायचं असं धरूनच चाला. दोन : पदवीसोबत घेतलेल्या सर्टिफिकेटनं ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायच्या परवानगीचे, महिने वाढत नाहीत. ही अफवा दर वर्षी नव्यानं जन्माला येते. तीन : पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून लागणाऱ्या क्रेडिटांत एका सत्रात फक्त एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिटं, धरला जातो. भाषेचा वर्ग दुसऱ्या विद्यापीठातून व्हिडिओवर घेणार असाल, तर हा नियम आडवा येऊ शकतो.

एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांना नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकता येतं. त्यांच्यासाठी संध्याकाळच्या वर्गांचं स्वतंत्र सर्टिफिकेट हा मार्ग आहे. खर्च मात्र खिशातून.

पैशाचं म्हणाल, तर तुमच्या विद्यापीठाची फी कशी आकारली जाते ते बघा. काही ठिकाणी ठरावीक क्रेडिटांच्या पुढे काही मर्यादेपर्यंत फी तेवढीच राहते. मग चौथा विषय फुकटात पडतो. जिथे दर क्रेडिटामागे फी आहे, तिथे असिस्टंटशिपची, म्हणजे विभागात काम करण्याच्या बदल्यात मिळणारी, फी-माफी पदवीबाहेरच्या क्रेडिटांना लागू होते का, ते विभागाच्या ऑफिसातून लेखी घ्या. भाषा शिकण्यासाठीची प्रसिद्ध केंद्रीय फेलोशिप, जिला सगळे 'फ्लास' म्हणतात, ती फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असते. तिथेच जन्मलेल्या मराठी मुलांना ती मिळू शकत होती. पण २०२५ मध्ये या केंद्रांच्या आणि फेलोशिपच्या सरकारी निधीवर कुऱ्हाड आली, त्यामुळे जुन्या पानांवरचे आकडे धरून घराचं बजेट आखू नका.

पायरी पाचवी : विषय निवडणं, आणि वाचनाचा डोंगर

बहुतेक सर्टिफिकेटांत एक गाभ्याचा सेमिनार सक्तीचा असतो. तो पहिल्या वर्षीच घ्या. तो दर सत्रात नसतो. उरलेले विषय प्रश्नाकडे बघून. मी आधुनिक भारताचा इतिहास घेतला, पर्यावरणाचं मानववंशशास्त्र घेतलं आणि माझ्याच विभागातला भूजलाचा एक विषय. त्याची कथा पुढे येते.

अभियांत्रिकीतून जाणाऱ्यांना खरा धक्का बसतो तो वाचनाचा. आठवड्याला एक अख्खं पुस्तक, किंवा दीडशे-दोनशे पानांचे लेख, आणि वर्गाच्या आदल्या रात्री एक पानी टिपण. पहिल्या आठवड्यात मी पान एकपासून पेन्सिलीनं खुणा करत बसले आणि पहाटे तीनला पान ६० वर झोपले. वर्गातली इतिहासाची मुलगी पुस्तक कसं उघडते ते मग बघितलं. आधी प्रस्तावना पूर्ण, मग शेवटचं प्रकरण, मग अनुक्रमणिका, आणि मधल्या प्रकरणांची पहिली-शेवटची दोन-दोन पानं. एकच प्रकरण नीट, तळटीपांसकट. त्यातून तीन ओळी लिहायच्या : लेखक कुणाशी भांडतोय, पुरावा कुठला वापरतोय, आणि त्याला काय दिसलं नाही. तिसऱ्या ओळीत आपला हात सैल सुटतो, कारण आपण त्या मातीतले असतो. पण "आमच्या गावात असं नाही" एवढं म्हणून थांबलात तर वर्ग नम्रपणे मान हलवतो आणि पुढे जातो. गावचं उदाहरण पुराव्यासारखं मांडावं लागतं : कुठलं गाव, कुठलं साल, कुणी सांगितलं.

आपल्याच प्रदेशाचं शिक्षण परक्या ठिकाणी घेताना चिडचिड होते, तीही सांगून ठेवते. 'दक्षिण आशिया' म्हणून जे शिकवतात, त्यात दिल्ली, बंगाल आणि पंजाबच फार. महाराष्ट्र शोधावा लागतो. मात्र जे सापडतं ते पक्कं असतं. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर, अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या तीर्थांवर आणि नद्यांवर, जर्मनीतल्या ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांवर आणि खंडोबावर केलेलं काम असं आहे, की कॅम्पसवर मराठीचा एकही वर्ग नसला तरी वाचनाच्या याद्यांत ते भेटतं. नद्यांवरचं वाचताना तर मला आपलीच गोदावरी नव्यानं भेटली.

पायरी सहावी : "मराठी येतेच की!"

सर्वांत मोठी गल्लत इथे होते. मातृभाषा मराठी आहे म्हणजे भाषेची अट सुटली, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तीन प्रकार दिसतात. काही ठिकाणी शाळेची गुणपत्रिका दाखवली, की अट पूर्ण. काही ठिकाणी परीक्षा घेतात. आणि काही ठिकाणी सांगतात, की जी भाषा येते ती धरणार नाही, प्रदेशातली दुसरी शिका. शेवटचा प्रकार चिडवणारा असला तरी फायद्याचा आहे. उर्दू, फारसी किंवा बंगाली फुकट जात नाही, आणि मराठ्यांच्या इतिहासाकडे जाणाऱ्याला फारसीशिवाय गत्यंतर नाही. मोडी लिपी मात्र भाषा म्हणून मोजली जात नाही, हे मी विचारून बघितलं. ती स्वतंत्र शिकावी लागते, आणि जुन्या कागदांसाठी ती हवीच.

माझी परीक्षा झाली. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मराठीच्या शिक्षकांनी व्हिडिओवर अर्धा तास गप्पा मारल्या, मग वर्तमानपत्रातल्या पाणीवाटपाच्या बातमीचा परिच्छेद शब्दकोशाशिवाय इंग्रजीत करायला दिला. मी हसतच घेतला. पहिल्याच ओळीत 'पाळी'. कालव्याची पाळी, कारखान्यातली पाळी, बाईची पाळी, आणि तुमची पाळी आली की उठा. इंग्रजीत चारही ठिकाणी वेगळा शब्द. ते निभावलं. तिसऱ्या ओळीत 'वहिवाट' आली आणि मी अडकले. वहिवाट म्हणजे रूढी म्हणावं, तर त्यातला हक्क निसटतो. हक्क म्हणावं, तर वर्षानुवर्षं वापरात असल्यामुळे तो मिळालाय हे निसटतं. ताबा म्हणावं, तर बांधावरच्या वाटेचं काय? पेन टेबलावर ठेवून मी पाच मिनिटं नुसती बसले होते. शेवटी एका शब्दासाठी दीड ओळ लिहिली. शिक्षक म्हणाले, "तुमच्या निबंधाचा विषय इथे आहे." आणि खरंच, पाळीचा अधिकार कशावर टिकतो, या माझ्या मूळ प्रश्नाची जागा वहिवाटीनं घेतली.

तयारी म्हणून एकच गोष्ट सुचवते : आपल्या विषयातला मराठी मजकूर रोज अर्धं पान इंग्रजीत करा. बोलता येणं आणि भाषांतर करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल शब्दकोशांत मोफत शोधता येतो. शेती, पाणी आणि महसुलाच्या जुन्या शब्दांसाठी त्याला तोड नाही.

ज्यांची मराठी घरापुरती आहे, विशेषतः तिथेच वाढलेल्यांची, त्यांच्यासाठी रस्ते थोडे पण चांगले आहेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठी वर्ग पुण्यात चालत आला आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला दक्षिण आशियाई भाषांचे उन्हाळी सघन वर्ग भरत आले आहेत. कुठल्या वर्षी कुठली भाषा उघडते हे विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरतं, म्हणून हिवाळ्यातच चौकशी करा. आणि तुमचं विद्यापीठ मोठ्या विद्यापीठांच्या 'बिग टेन' गटातलं असेल, तर 'कोर्सशेअर' या सोयीतून गटातल्या दुसऱ्या विद्यापीठाचा भाषेचा वर्ग दुरून घेता येतो.

पायरी सातवी : विषय धरला नाही तर

आता ती भूजलाची कथा. अभ्यासक्रमात आशियातली उदाहरणं होती, म्हणून मी तो विषय सर्टिफिकेटमध्ये धरला जाईल असं परस्पर ठरवलं. सत्र संपताना कळलं, नाही. प्रदेशाशी संबंधित मजकूर निदान चौथा हिस्सा तरी हवा, असा दंडक बऱ्याच केंद्रांत असतो, आणि माझ्या विषयात तो भरत नव्हता. चूक माझी. विचारलंच नव्हतं.

वाट होती ती विनंती-अर्जाची. मी तीन कागद जोडले. विषयाची पूर्ण रूपरेषा, त्यात दक्षिण आशियावरचे आठवडे पिवळ्या खुणांनी. माझा अंतिम प्रकल्प, जो पूर्णपणे खानदेशातल्या विहिरींवर होता. आणि शिकवणाऱ्या प्रोफेसरांचं चार ओळींचं पत्र, की या विद्यार्थिनीच्या गुणांत प्रकल्पाचा वाटा निम्मा होता. तीन आठवड्यांनी होकार आला. तुम्ही मात्र हे सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात करा. तेव्हा नकार आला तर विषय बदलता येतो. आणि प्रत्येक विषयाची रूपरेषा त्याच दिवशी उतरवून ठेवा. वर्षभरानं ते पान जागेवर नसतं.

पायरी आठवी : शेवटचा निबंध

सहसा वीस-पंचवीस पानं. सेमिनारमध्ये लिहिलेला निबंध वाढवून दिला तर चालतो का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतो. परीक्षक मात्र दोन वेगळ्या विभागांतले असावे लागतात, आणि इथेच दमछाक होते. माझ्या मसुद्यावर इतिहासाच्या बाईंनी लिहिलं, "समीकरणं परिशिष्टात टाका." अभियांत्रिकीच्या प्रोफेसरांनी लिहिलं, "समीकरणं हाच गाभा, कायद्याची पानं परिशिष्टात टाका." दोघांचंही ऐकलं तर मध्ये काहीच उरत नव्हतं. शेवटी मी वहिवाट हा शब्द मध्यभागी ठेवला. १८७९ चा मुंबई सिंचन कायदा, १९७६ चा महाराष्ट्र सिंचन कायदा आणि पाणीवापर संस्थांसाठी झालेला २००५ चा कायदा, यांत गावाची पाळी कुठे दिसते आणि कुठे पुसली जाते, हा एक धागा. पाटातला विसर्ग कमी होत गेला तसतशी पाळी कशी बदलावी लागते, हा दुसरा. समीकरणं तीनच ठेवली. दोघंही थोडे नाराज राहिले आणि दोघांनीही सही केली.

साधनं गोळा करताना ग्रंथपालाला भेटा. दक्षिण आशियाचे वेगळे ग्रंथपाल मोठ्या विद्यापीठांत असतात आणि त्यांच्याकडे विद्यार्थी फारसे जात नाहीत, म्हणून ते जीव ओतून मदत करतात. जुनी जिल्हा गॅझेटियर, सिंचन आयोगांचे अहवाल हे आंतरग्रंथालयीन देवघेवीतून येतं. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजकडे दक्षिण आशियाई वर्तमानपत्रं आणि दस्तऐवज मायक्रोफिल्मवर आहेत. तुमचं विद्यापीठ सदस्य असेल, तर घरबसल्या मागवता येतात.

आता आयआरबी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती. मी काकांना फोन करून सहज विचारलं होतं, "पाटकरी कोण नेमायचं?" ते म्हणाले, "अगं, नेमायचं काय त्यात? पाडव्याला सगळ्यांनी बसून ठरवायचं." सुंदर वाक्य. निबंधात घातलं आणि समन्वयकांनी लाल खूण केली : परवानगी क्रमांक? सख्ख्या काकांशी बोलणंसुद्धा, ते पद्धतशीर संशोधन म्हणून वापरायचं असेल, तर आधी समितीला विचारावं लागतं. ऑनलाइन प्रशिक्षण, प्रश्नांची यादी, आणि मराठीत संमतीपत्र. कमी जोखमीच्या मुलाखतींना सहसा हलकी तपासणी पुरते, पण आठवडे जातात. काका तर अहिराणीत बोलतात, आणि फॉर्मवर भाषेच्या रकान्यात अहिराणी नव्हती. 'इतर'वर टिक केली, परवानगी आली, आणि तोच प्रश्न मी पुन्हा, या वेळी रीतसर, विचारला. ते म्हणाले, "मागच्या महिन्यात सांगितलं ना तुला!"

निबंध होत आला, की तो कुठेतरी वाचून दाखवा. मॅडिसनला दर ऑक्टोबरात दक्षिण आशियाची परिषद भरते. ती गेल्या अर्धशतकाहून जास्त काळ चालत आलेली आहे. तिथे पंधरा मिनिटांत मांडायला लागलं, की निबंधातली निम्मी पानं फाजील होती हे आपोआप कळतं. प्रवासखर्चासाठी विभाग आणि ग्रॅज्युएट स्कूल अशा दोन्हीकडे अर्ज करा.

पायरी नववी : कागद

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला पदवीचा अर्ज भरतो, तसा सर्टिफिकेट पूर्ण झाल्याचा अर्ज वेगळा असतो. पदवीच्या अर्जात तो आपोआप येतो अशी माझी समजूत होती. नाही येत. समन्वयकांची सही, विषयांची यादी, विनंती-अर्जाच्या होकाराची प्रत, भाषापरीक्षेचा निकाल आणि निबंधाच्या दोन सह्या, हे सगळं एका फोल्डरमध्ये सत्राच्या पहिल्या दिवसापासून ठेवा. पदवी लागल्यावर काही आठवड्यांनी ट्रान्सक्रिप्ट स्वतः उघडून ती ओळ आहे का बघा. नसेल तर लगेच लिहा, कारण पदवी बंद झाल्यावर मागे जाऊन जोडायला काही ठिकाणी नकार देतात.

निबंधाचा मराठी गोषवारा, पाच पानांचा, नकाशासह मी गावी पाठवला. काकांनी तो चौघांना वाचायला दिला आणि रात्री फोन केला : तिसरा फड नकाशात नदीच्या उलट्या बाजूला दाखवलाय. तपासलं, ते बरोबर होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा झालेल्या प्रतीतला नकाशा बदलायला आणखी एक फॉर्म लागला, त्यावर पुन्हा दोन सह्या.